हिरवळ काढली तो उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या फाटकाशी माणसं थांबायला लागतात. परभणीचं ऊन तोवर पुरतं तापलेलं असतं, कॉलनीतल्या कुंड्या एकेक करून सुकलेल्या असतात, नळाला पाणी कधी येईल ते कुणाला सांगता येत नसतं, आणि आमच्या भिंतीवर बोगनवेल मात्र फुलून आलेली असते. पिवळी कण्हेर बहरलेली असते. दगडांच्या मधून कोरफडीचे जाड पंजे वर आलेले असतात. कोपऱ्यात माळावरून आणलेला तरवड, कुणी पाणी न घालता हिरवा. संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं फाटकावर हात ठेवून विचारतात, "वहिनी, पाणी किती लागतंय हो याला?" मी सांगते, रुजल्यावर जवळजवळ काहीच नाही. ती मान डोलवतात, मोबाइल काढून फोटो घेतात.

खरं तर हेच माझं काम आहे आणि हे कौतुक मला आवडायला हवं. पण त्या वेळी मला फाटकापासून पळावंसं वाटतं. कारण पुढच्या खोलीच्या खिडकीशी आत्या बसलेल्या असतात, आणि बाहेरचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जातो.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वाकून नमस्कार करताना, म्हणजे आधी पाय पाहिले आणि मग चेहरा. टाचांना अशा भेगा होत्या की वैशाखातलं काळं रान आठवावं. मी वर बघितलं तर त्या ओशाळून पदर पायावर ओढत होत्या. म्हणाल्या, "आमचे पाय असलेच हायेत, बाई. उसानं केलेत."

त्यांचं गाव ताडकळसच्या अंगाला. कोरडवाहू तुकडा, त्यात घरातली सगळी तोंडं भागत नसत. दसरा झाला की घराला कडी घालायची, भांडीकुंडी, पोरं आणि कोयते ट्रकमध्ये टाकायचे आणि टोळीबरोबर उसाच्या मुलखात जायचं. तिथं राहायला उसाच्या वाळल्या पाचटाची कोपी. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं. ऊस तोडला की जमिनीत टोकदार बुडखं उरतात. डोक्यावर मोळी आणि पायाखाली ती बुडखं, अशी त्यांनी अर्धी हयात काढली. चपला टिकत नसत, म्हणून पुष्कळदा त्या नसतच. माझे सासरे मुलाला नोकरी लागायच्या आधीच गेले. संजय, म्हणजे माझा नवरा, शिक्षक झाला आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर आईच्या हातातला कोयता काढून घेतला.

मग शहराच्या कडेला आम्ही घर बांधलं. नकाशा काढताना संजयनं विचारलं, "आई, तुला काय पाहिजे घरात?" त्याला वाटलं होतं, देवघर म्हणेल, फार तर वेगळी खोली म्हणेल. आत्या म्हणाल्या, "दारात गवत लाव. मऊ. सायबाच्या बंगल्याम्होरं असतंय तसलं."

कुठला साहेब, ते आम्हाला नंतर कळलं. कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची तेव्हा आत्या गाडीशेजारी बसून राहायच्या. समोर तारेच्या कुंपणाआड कुठल्याशा अधिकाऱ्याचा बंगला होता आणि बंगल्यापुढं हिरवळ. एकदा त्या तारेच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, तर राखणदारानं हटकलं. त्यांनी ते हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

हिरवळ लागली. चांगली बारीक पात्याची, गादीसारखी दाट. आत्या पहाटे नळी घेऊन तिला पाणी घालायच्या, पाणी मुरलं की नळी गुंडाळून ठेवायच्या आणि पाठीशी हात बांधून फेऱ्या मारायच्या. अनवाणी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे, खिडकीतून त्यांची ये-जा दिसायची. ओल्या गवताचा वास आत यायचा. फेऱ्या संपल्या की त्या पायाला चिकटलेली पाती वेचून टाकायच्या आणि म्हणायच्या, "झालं माझं. आन आता चहा."

माझा धंदा मात्र नेमका उलटा. मी शेतकी शिकले, आणि घरांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या अंगणात कमी पाण्यावर तगणाऱ्या बागा करून देते. या कामावर माझं मनापासून प्रेम आहे. आपल्याकडचं काळं रान उन्हाळ्यात हातभर भेगाळतं, त्या भेगांमधून उरलीसुरली ओल उडून जाते. म्हणून आधी जमीन झाकायची, वाळलेल्या पाल्यानं किंवा पाचटानं. छपराचं पाणी गटारात जाऊ न देता उतार काढून खड्ड्यात मुरवायचं. तहानेची झाडं एकीकडं, बिनतहानेची दुसरीकडं. रोपाच्या मुळाशी मडकं पुरायचं, म्हणजे पाणी पाझरून थेंबाथेंबानं जातं. आणि झाडं आपल्या माळावरची घ्यायची, ज्यांना आपलं ऊन ठाऊक आहे. एखाद्या शाळेच्या रखरखीत अंगणात दुसऱ्या वर्षी तरवड पिवळाधमक फुलतो, त्यावर फुलपाखरं येतात, तेव्हा मला फार भरून येतं.

घरी हिरवळ आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ती आत्यांची होती. देव्हाऱ्याला जसं कुणी हात लावत नाही तसं ते होतं.

मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. होळीच्या सुमाराला आमचा बोअर खोकायला लागला, पाणी येता येता नुसती हवा यायची. कॉलनीत टँकर सुरू झाले. पलीकडच्या वस्तीतल्या बाया घागर घेऊन दारात यायच्या आणि आत्या त्यांना कधी रिकाम्या हातानं पाठवायच्या नाहीत. गवताचं पाणी त्यांनी स्वतःहून तोडलं होतं, रोजचं दिवसाआड केलं, मग त्याहून कमी. गवत कडेनं पिवळं पडत चाललं होतं. तरी त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या.

त्याच दिवसांत पेडगावच्या रस्त्यावर एका शाळेत मी पालकांपुढं बोलायला गेले होते. अंगणातली हिरवळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी, असं मी जोरात सांगत होते. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि अगदी सहज म्हणाले, "मॅडम, पर तुमच्याच दारात लॉन हाय म्हनायलेत." सगळे हसले. मीही हसले. पण स्कूटरवरून घरी येईपर्यंत ते हसू माझ्या कानात तापत राहिलं.

त्या संध्याकाळी मी आत्यांशी बोलले. त्या हिरवळीच्या कडेला बसल्या होत्या. मी पाण्याचं सगळं सांगितलं, बोअरचं, टँकरचं, वस्तीतल्या बायांचं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त शाळेतलं हसणं मी सांगितलं नाही.

आत्यांनी ऐकून घेतलं. गवतावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुला पटायलंय ना?"

"हो आत्या. पाणीच नाही तर काय करणार?"

"मंग काढ. पान्याम्होरं गवताचं काय एवढं?"

एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री जेवताना संजय म्हणाला, "वंदना, आईपुरता एक पट्टा ठेव की. भिंतीकडेनं. ती चालती तेवढाच."

आता इथं मला थांबावं लागतं. कारण या कामातली मला जेवढी जाण आहे तेवढी आमच्या घरात कुणालाच नाही. मला माहीत होतं, तेवढा पट्टा न्हाणीच्या पाण्यावर जगला असता. नाजूक जात काढून तिथं साधी हरळी लावली असती तर तिनं वैशाखही काढला असता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हेच सुचवलं असतं, कागदावर आखूनही दिलं असतं. पण मी म्हणाले, "एवढासा ठेवला तरी लॉन ते लॉनच. लोक तेवढंच बघतात."

संजयनं माझ्याकडं बघितलं आणि ताटात मान घातली. आत्या वाढत होत्या, त्यांच्या हातातला डाव मध्येच थांबला आणि पुन्हा चालू झाला.

दोन मजूर आले आणि सकाळच्या उन्हातच त्यांनी हिरवळ उकलून काढली. सतरंजी गुंडाळावी तशी ती गुंडाळली जात होती, खाली मुळांचं पांढरं जाळं. आत्या आत बसून तूर निवडत होत्या. अंगण उघडं पडलं. मग मी ठरवलेलं सगळं सुरू झालं, उतार, खड्डा, दगड, रोपांच्या जागा. दुपारी ट्रॅक्टर आला. झाडांच्या मुळांशी जमीन झाकायला मी पाचट मागवलं होतं. उसाचं. आमच्याकडं ते सहज मिळतं, लवकर कुजत नाही, ओल धरून ठेवतं. मी कितीतरी अंगणांत वापरलेलं आहे.

ट्रॅक्टरनं ढीग ओतला तसा तो कोरडा, करकरीत आवाज झाला, आणि आत्या सुपासकट दारात आल्या. ढिगाकडं बघत उभ्या राहिल्या. त्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. आत्यांच्या दंडावर, मानेवर, त्याचे बारीक पांढरे वण अजून आहेत. मला हे माहीत होतं. मला हे माहीत असून ट्रॅक्टर सांगताना क्षणभरही आठवलं नव्हतं.

"हे इथंबी आलं का?" त्या म्हणाल्या.

रागानं म्हणाल्या नाहीत. एखादा ओळखीचा माणूस पत्ता शोधत यावा आणि त्याला बघून विचारावं, तसं म्हणाल्या. मग आत गेल्या. परत आल्या तेव्हा पायात चपला होत्या. त्या दिवसापासून पुढच्या अंगणात त्यांनी उघडं पाऊल टाकलं नाही. चपला घालूनही त्या तिथं फारशा गेल्या नाहीत. फेऱ्या बंद झाल्या.

पाऊस आला तसं माझं अंगण उठलं. छपराचं सगळं पाणी खड्ड्यात उतरलं, पुढच्या उन्हाळ्यात बोअर खोकला नाही, शेजारच्या घराचाही तग धरून राहिला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. कॉलनीनं मोकळ्या जागेवरचं वाळकं उद्यान माझ्या हाती दिलं, मी तिथंही तेच केलं. म्हातारी माणसं आता लिंबाखालच्या दगडी बाकांवर बसतात आणि टँकरचं पाणी बागेला लागत नाही. माझं चुकलं होतं असं मला कुणीही म्हणणार नाही. मी स्वतःही पाण्याच्या बाबतीत तसं म्हणत नाही. बरोबर केलेल्या गोष्टीचं ओझं वाटत असेल तर ते ठेवायचं कुठं? चुकीबद्दल निदान माफी मागता येते.

उद्यान झाल्यावर कॉलनीनं छोटासा कार्यक्रम केला. मला शाल दिली, आणि कुणीतरी हौसेनं आत्यांच्या हातात माईक दिला. "आजी, सुनेबद्दल दोन शब्द." आत्या गांगरल्या. मग माईक तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "सुनबाईनं पानी वाचवलं. लय चांगलं झालं. आमी पान्यासाठी लय वनवन केलेली हाय, आमाला त्याची किंमत कळती." टाळ्या झाल्या. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एखादा टोमणा असता तर मी तो धरून बसले असते. ते कौतुक मला धरून बसताही येईना आणि टाकताही येईना.

त्यानंतर मी गुपचूप मागच्या अंगणात, न्हाणीच्या मोरीजवळ, हरळी लावली. भिंत आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये सापडली तेवढ्या जागेत. संजयला आधी सुचलं होतं ते उशिरा आणि चुकीच्या जागी. आत्यांना नेऊन दाखवलं. "कशाला गं उगं," असं म्हणत त्या माझ्या समाधानासाठी त्यावर जरा उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. पुढं तिथं धुणं वाळू लागलं.

आता यंदाचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळंच.

काही आठवड्यांपूर्वी एका दुपारी आत्या फाटकापाशी भाजीवाल्याकडं गेल्या होत्या. परत आल्या आणि मला मेथीची जुडी दिली. माझं लक्ष खाली गेलं. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडा. दुसरी चप्पल बाहेर दगडांत पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी बसवून पाय वर घेतला. तळव्याला मोठा फोड आला होता. ऊन पिऊन तापलेले माझे दगड, त्यांवरून त्या तशाच चालत आल्या होत्या.

"आत्या, आग होत नाही का?"

"कशाची?" त्यांनी विचारलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवला. "आजी, कळतंय का?" आत्या तशाच डोळे मिटून, वाट बघत बसलेल्या. म्हणाल्या, "लावला का?" डॉक्टरांनी दुसऱ्या पायाला लावला, मग घोट्याच्या जरा वर. तिथं आत्या म्हणाल्या, "आता कळालं." जुनी साखर आहे, डॉक्टर म्हणाले. तळव्यांची जाणीव गेलेली आहे, आणि ही आजकालची गोष्ट नाही, बरीच वर्षं चाललेली असावी. यापुढं घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मला हायसं वाटलं. बरीच वर्षं, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हिरवळ होती तेव्हाही आत्यांना तिचा मऊपणा कळत नसणार. म्हणजे मी त्यांचं काही काढून घेतलंच नव्हतं. त्यांच्या पायाची पट्टी बांधून होईपर्यंत मी मनात हा हिशेब करत होते, आणि सुटल्यासारखं वाटत होतं. रिक्षात बसल्यावर माझी मलाच किळस आली. एका बाईच्या पायातलं चैतन्य गेलं, आणि मी त्यात माझी सुटका शोधत होते.

तरीही मी विचारलं. राहवलं नाही. रात्री त्यांना गोळी देताना म्हणाले, "आत्या, आपलं गवत होतं तवा पायाला कळायचं का तुमाला?"

त्यांनी गोळी गिळली. "पयले पयले कळायचं. मंग कळंना झालं. मला वाटलं, सवय झाली आसंल."

"मग तरी रोज चालायच्या?"

"चालायचे की." त्या हसल्या. "तुला सांगू का, उसात चालायचं म्हंजे खाली बघूनच. डोक्यावर मोळी, मान हलवायची न्हाई, पर डोळे खालीच ठिवायचे, न्हाईतर बुडखा घुसला पायात. लगीन झाल्यापासून मी खालीच बघत आले. तितं गवतावर काय नव्हतं ना टोचायला. वर बघून चालता यायचं. झाडं, पाखरं, आभाळ, लोकाच्या माड्या. निस्ती वर बघत फिरायचे मी." मग पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, "तेवढंच."

मी दिवा घालवून बाहेर आले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. इतकी वर्षं मी त्या खिडकीतून त्यांना बघत होते. मी त्यांचे पाय बघत होते.

मागच्या अंगणातली हरळी काही कामाची नाही हे तेव्हा मला नीट समजलं. तिथं उभं राहता येतं. चालायला लागलं तर भिंत येते.

पट्टी निघाली आहे. डॉक्टरांनी सांगितलेले मऊ तळाचे बंद बूट आणले आहेत, आत्यांना ते बघून हसू येतं. "मी सायबीन झाले," असं त्या शेजारणीला सांगत होत्या. पुढच्या अंगणातून भिंतीकडेचे दगड मी उचलायला सुरुवात केली आहे. तिथं सपाट, चोपलेल्या मातीची वाट करायची आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिला पाण्याचा थेंब लागणार नाही. हे तेव्हाही करता आलं असतं. तेव्हा मला पाणी दिसलं, लोक दिसले, माझं नाव दिसलं. त्या अंगणात चालणारं माणूस दिसलं नाही.

वाट अजून पुरी झालेली नाही. तोवर ऊन कललं की मी आत्यांचा हात धरून त्यांना अंगणात नेते. एकेक पाऊल आम्ही टाकतो. काल फाटकाशी कुणीतरी थांबून तेच विचारलं, पाणी किती लागतं, आणि मी उत्तर न देता पुढं गेले. आत्यांनी मान वर केली होती.

"बघ, पाटलाच्या गच्चीवर पतंग अडकलाय," त्या म्हणाल्या. "आन ते बघ, घार. बघायलीस का?"

"हो आत्या," मी म्हणाले, आणि त्यांच्या बुटापुढचा दगड पायानं बाजूला सारला.

"कुठं बघायलीस? तू तर खालीच बघायलीस."

"तुमी बघा," मी म्हणाले. "मी बघते खाली."